प्रॉक्समॉक्स आणि फोंड्यातली 'भितरली मशीन'

गोव्यात फोंड्याला ज्या छापखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, तिथे एक मशीन आहे जी दिसत नाही. टेबलावर नाही, टेबलाखाली नाही. तिथल्या डीटीपी ऑपरेटर ताई तिला 'भितरली मशीन' म्हणतात. सकाळी आल्यावर चहाचा कप ठेवतात, स्क्रीनवरच्या एका चित्रावर दोनदा क्लिक करतात, आणि विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी समोर येते. वीस वर्षांपूर्वी दिसायची तशीच. ही मशीन ज्या सॉफ्टवेअरच्या पोटात राहते त्याचं नाव प्रॉक्समॉक्स. एकाच खऱ्या कॉम्प्युटरच्या आत अनेक कॉम्प्युटर चालवणं हे त्याचं काम. दोन पावसाळे वापरून झालं, म्हणून त्याविषयी लिहितो आहे.

आधी सांगतो, हे कोणत्या मोठ्या डेटा सेंटरचं परीक्षण नव्हे. एक जुना टॉवर सर्व्हर, चौसष्ट जीबी रॅम, आरशासारख्या जोडीत लावलेल्या दोन एसएसडी, शेजारी एक मिनी पीसी, आणि ज्या खोलीत हे सगळं आहे तिथेच कागदाची रिमं. जूनमध्ये त्या खोलीतल्या कागदाला ओल येते, तशी ती सर्व्हरलाही येते.

मे २०२४ पर्यंत या सर्व्हरवर हेच काम करणारं, व्हीएमवेअर कंपनीचं मोफत मिळणारं ईएसएक्सआय होतं. त्यावर टॅलीची एक विंडोज आणि फायली ठेवायचा एक सर्व्हर, बस. व्हीएमवेअरबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि राहील. चालू असलेली मशीन न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सरकवायची करामत त्यांनी २००३ मध्ये बाजारात आणली. मी ती प्रत्यक्ष पाहिली बऱ्याच नंतर, पण पाहिली तेव्हा पिंग, म्हणजे 'आहेस का?' असं मशीनला सतत विचारणारी आज्ञा, चालू ठेवून बसलो होतो आणि पिंग तुटला नाही म्हणून शेजारच्याला हाक मारली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली, कायमची लायसन्सं विकणं बंद झालं, सगळं वर्गणीवर गेलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत ईएसएक्सआयही काढून घेतलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये ते परत आलं, पण तोवर आमचं घर बदलून झालं होतं. दुकान त्यांचं, भाव त्यांचा, त्यात माझी तक्रार नाही. दोन मशीन चालवणाऱ्या छापखान्याचं गणित तिथे बसत नव्हतं, एवढंच.

प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाचं. २००८ पासून आहे. खाली डेबियन लिनक्स, मशीन चालवायला केव्हीएम, हलक्या कामांसाठी एलएक्ससी कंटेनर (अख्ख्या मशीनऐवजी छोटे वेगळे कप्पे), आणि वर सगळं ब्राउझरमधून हाताळायची सोय. केव्हीएम २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आलं आणि प्रोसेसरवाल्यांनी त्यासाठी लागणारी सोय जेमतेम त्याआधी चिपमध्ये घातली होती. सोर्स खुला आहे, फुकट वापरता येतं. सबस्क्रिप्शन प्रोसेसरच्या सॉकेटमागे वर्षाला असतं. ते नसेल तर लॉगिन केल्यावर तशी सूचना येते आणि अपडेटसाठी भांडार बदलून घ्यावं लागतं. मी पहिल्या दिवशी ते न बदलताच अपडेट चालवलं, लाल अक्षरं पाहिली, आणि अर्धा तास नेटवर्कला दोष देत बसलो. माहितीपुस्तिकेत ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

जुन्या ईएसएक्सआयवरून मशीन आणायला ८.२ आवृत्तीत विझार्ड आहे. जुन्या सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड दिला की तिथल्या मशीनची यादी दिसते, हवी ती निवडायची. टॅलीची मशीन बंद करून आणायला एक संध्याकाळ पुरली. त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही, आणि मला वाटतं हीच त्या विझार्डची तारीफ.

सांगण्यासारखं आहे ते एक्सपीचं.

ती मशीन तेव्हा खरीखुरी होती. पिवळी पडलेली कॅबिनेट, चाळीस जीबीची डिस्क, आत पानं बसवायचं पेजमेकर आणि युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट. या फॉन्टांची गंमत आजच्या पोरांना सांगावी लागते. त्यांत 'क' हा क नसतोच. इंग्रजीतल्या एखाद्या अक्षराच्या जागी क काढलेलं चित्र बसवलेलं असतं. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की मांजर कीबोर्डवरून चालून गेल्यासारखं दिसतं. छापखान्यात असल्या फायली हजारोंनी आहेत. गावोगावच्या देवस्थानांच्या जत्रेच्या पत्रिका, भजनी सप्ताहाची वेळापत्रकं, नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिकांचे साचे. दर वर्षी तीच फाइल उघडायची, तिथी-तारीख बदलायची, नव्या यजमानांची नावं घालायची. हा धंद्याचा कणा आहे.

'युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावा की' असं मला चारजणांनी सांगितलं. लावला. साध्या मजकुराला चालतो. पण रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसतो, 'तऱ्हा'तला अर्धा र कुठे बाण होतो तर कुठे नाहीसाच होतो, आणि एकेक जोडाक्षर जवळ-लांब करून ताईंनी वीस वर्षांत जी पानं बसवली आहेत ती सगळी विस्कटतात. ताईंनी कन्व्हर्ट केलेलं पहिलं पान पाहिलं आणि फक्त 'हे कोणी केलं?' असं विचारलं. मी कन्व्हर्टर काढून टाकला.

तर ती डिस्क बाहेर काढली, यूएसबीला जोडून लिनक्सवर तिची हुबेहूब प्रत घेतली. तीन-चार ठिकाणी डिस्क अडखळली, खरं सांगायचं तर पोटात गोळा आला होता. प्रत प्रॉक्समॉक्समध्ये आणून पहिल्यांदा सुरू केली तर निळा पडदा, शेवटी ७बी. ज्यांनी एक्सपी हलवली आहे त्यांना तो आकडा पाठ असतो. जुन्या मदरबोर्डाचा डिस्क-ड्रायव्हर नव्या घरात चालत नाही. रजिस्ट्रीत चार ओळी घालून डिस्क जुन्या आयडीई पद्धतीचीच म्हणून जोडली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडी दिसली. एक्सपीचं डबीतलं लायसन्स भाईंच्या कपाटात स्टिकरसकट होतं, त्यामुळे त्या बाजूने कटकट झाली नाही. भाई म्हणजे छापखान्याचे मालक. कोणतीही वस्तू न टाकण्याचा त्यांचा स्वभाव त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

एक्सपीला सुरक्षेचे नियमित अपडेट एप्रिल २०१४ पासून नाहीत. तिला इंटरनेट दाखवणं म्हणजे दार उघडं टाकून जत्रेला जाणं. प्रॉक्समॉक्समध्ये मी तिच्यासाठी वेगळा ब्रिज, म्हणजे सॉफ्टवेअरमधलाच नेटवर्क-स्विच, केला, जो कुठल्याच केबलला जोडलेला नाही. त्या ब्रिजवर दोघंच राहतात, एक्सपी आणि एक छोटा कंटेनर. कंटेनरचा एक पाय आतल्या ब्रिजवर, दुसरा ऑफिसच्या नेटवर्कवर. एक्सपीला फायली वाटून घ्यायची जुनी पद्धतच समजते, ती फक्त आतल्या बाजूला चालू ठेवली. ताईंनी पान पीडीएफ करून त्या फोल्डरमध्ये टाकलं की ते बाहेर नव्या कॉम्प्युटरवर दिसतं, तिथून छपाईच्या प्लेटला जातं. पडदा आणि कीबोर्ड स्पाइसमधून येतात, म्हणजे आतल्या मशीनचा पडदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर दाखवणाऱ्या सोयीतून. ब्राउझरमधला कन्सोलही आहे, पण ताई टाइपरायटरच्या कळांवर आंधळेपणाने टाइप करतात, मिनिटाला किती ते मोजायचं धाडस मी केलेलं नाही. त्या वेगाला स्पाइसच बरं.

आता 'भितरली मशीन' या शब्दाकडे येतो. व्हर्च्युअलला मराठीत 'आभासी' म्हणतात. शासकीय पुस्तकांत 'आभासी यंत्र' असं छापतात. भाईंना मी पहिल्यांदा तसंच सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'आभासी म्हणजे खोटी?' आणि मग 'खोट्या मशीनवर माझी खरी बिलं?' त्यांचं चुकलं कुठे? आभास म्हणजे नसलेलं दिसणं. इथे उलट आहे, असलेलं दिसत नाही. ताईंनी कोकणीतून उचललेला 'भितरली' हा शब्द मला कोशातल्या शब्दापेक्षा नेमका वाटतो. कुठे आहे मशीन? भितर आहे. आमच्याकडे घरात, दुकानात बोलणं कोकणीत आणि लिहिणं-छापणं मराठीत, हे आजही पुष्कळ घरांत चालतं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापरालाही मुभा राहिली. त्या वेळी जे वाद झाले ते इथे उकरत नाही. छापखान्यात दोन्ही भाषा एकाच टेबलावर चहा पितात.

प्रॉक्समॉक्सला मात्र 'भितरली' असं नाव देता येत नाही. मशीनचं नाव इंटरनेटच्या नावांच्या नियमात बसावं लागतं, म्हणजे रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ. पण प्रत्येक मशीनला टिपणाची जागा आहे आणि तिथे देवनागरी झकास चालते. एक्सपीच्या टिपणात मी सगळी कुळकथा लिहून ठेवली आहे. डिस्क कुठून आली, काय बदललं, काय बदलायचं नाही. उद्या मी नसलो तर येणाऱ्याला मराठी वाचता यावी, ही अपेक्षा फोंड्यात फार नाही.

फोनबद्दल. हल्ली माझी सर्व्हर रूम म्हणजे खिशातला फोनच. छापखान्याच्या राउटरवर वायरगार्ड, म्हणजे बाहेरून आत येण्याची सुरक्षित वाट, आहे, फोनवर एक कळ दाबली की मी आत. प्रॉक्समॉक्सचं मोबाइलसाठी वेगळं पान आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ९.० मध्ये ते नव्याने लिहिलं आहे. घरच्या वेगळ्या मिनी पीसीवर चालवून पाहिलं, मशीन सुरू-बंद करायला अंगठा पुरतो. छापखान्यात अजून ८ च आहे.

फोनची खरी परीक्षा २०२४ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, झाली. आम्ही सत्तरी तालुक्यात मूळ घरी. तिसरा दिवस, बाहेर पाऊस असा की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. माटोळीतल्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या छतातल्या, नीरफणसाखाली खुर्ची टाकून बसलो होतो, कारण घरात नेटवर्क मिळतं ते तिथेच. ताईंचा फोन आला. 'अरे, तुज्या त्या भितरल्या मशिनाक कितें जालां? उगडना मरे!' सार्वजनिक मंडळाच्या नाटकाची हँडबिलं संध्याकाळपर्यंत हवी होती.

रात्री फोंड्यात लाइट गेली होती. सर्व्हर यूपीएसवर नीट बंद झाला, लाइट आल्यावर नीट उठला. मिनी पीसी उठला नाही, कारण वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची बायोसमधली सोय मी लावलेलीच नव्हती. आणि मी मोठ्या हौसेने या दोघांचं क्लस्टर, म्हणजे मिळून काम करणारी जोडी, केलं होतं. क्लस्टरमध्ये बहुमत लागतं. दोघांतला एक गैरहजर, की राहिलेल्या एकट्याला बहुमत नाही, आणि बहुमत नाही तर तो कोणतीही मशीन सुरू करत नाही. ग्रामसभेत गणसंख्या नसली की ठराव होत नाही, तसंच. हे वागणं बरोबर आहे, कारण दोघांनीही 'मीच पंच' म्हणून एकच मशीन सुरू केली तर डेटाची वाट लागेल. दोघांचं क्लस्टर करताना तिसरं मत ठेवायचं असतं, हे मी वाचलं होतं आणि 'नंतर बघू' म्हटलं होतं.

मग घाई. फोनवर सर्व्हरचा पत्ता टाइप केला, पान उघडेना. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. वायरगार्ड बंद करून चालू केलं. पुतण्याने मागून डोकावून विचारलं, 'काका, तुम्ही मराठीत का लिहिताय?' माझ्या कीबोर्डवर मराठी होतं आणि अंक देवनागरीत ठेवायची मला खोड. एकशे ब्याण्णव-एकशे अडुसष्ट मी शुद्ध देवनागरीत टाइप करत होतो. ब्राउझरच्या दृष्टीने तो पत्ताच नव्हता. कीबोर्ड बदलला, आत गेलो, एकच मत धरून चाल अशी आज्ञा त्या एकट्या सर्व्हरला दिली, आणि मशीन सुरू झाली. हँडबिलं वेळेत गेली. पाच दिवसांचा गणपती पोचवून परत आल्यावर पहिलं काम केलं ते तिसऱ्या मताचं. एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, भिंतीला टांगला आहे, तो फक्त मत देतो.

देवनागरी आणि फोन यांची दुसरी भांडणं रोजची आहेत. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर मराठी म्हणजे चौकोनांची रांग असायची, ते दिवस गेले. पण आता मजकूर येतो व्हॉट्सॲपवर, आणि बहुतेक वेळा रोमन अक्षरांत. ल आणि ळ दोघांना एकच एल, न आणि ण दोघांना एकच एन. रोमी कोकणी लिहिणारे निदान ळ साठी दोन एल लिहितात, त्यांना शिस्त आहे. व्हॉट्सॲपवाल्याला नाही. गेल्या वर्षी एका पत्रिकेच्या प्रुफात 'पालखीची वेल रात्री दहा' असं आलं होतं. दुसऱ्या मंडळाने बोलून टाइप केलं, तर 'दशावतारी काला'चा झाला 'दशावतारी काळा'. ताईंनी दोन्ही पकडले. भाई म्हणतात, गोव्यात हे नवीन नाही. १५५६ मध्ये इथे छापखाना उतरला, भारतातला पहिला, आणि १६१६ मध्ये राशोलला ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी, पण रोमन अक्षरांतच. चारशे वर्षांनी गिऱ्हाईक तिथेच परत आलं, असं त्यांचं म्हणणं.

ताईंची फोनबद्दलची तक्रार वेगळी आहे. त्या स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन म्हणतात, 'हा ल हिंदी आहे.' आणि असतो. पाकळ्यांचा मराठी ल वेगळा, देठाचा श वेगळा. चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे कोणीतरी सांगावं लागतं, नाहीतर हिंदी रूप दिसतं. मी त्यांच्या फोनची भाषा मराठी करून दिली. काही ॲपांत ल सुधारला, काहींत नाही. जिथे नाही तिथे त्या अजून मला दाखवतात, जणू तो मीच काढला आहे.

बॅकअपबद्दल थोडक्यात. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळा मिळतो, तोही फुकट वापरता येतो. रोज रात्री बदललेले तुकडेच उचलतो, त्यामुळे एक्सपीचा बॅकअप चहा उकळायच्या आत होतो. एक सूचना. झेडएफएस ही डिस्कवर साठवणुकीची पद्धत वापरणार असाल तर ते रॅममध्ये किती कॅश धरतं ते पाहा. ८.१ पासून नवीन बसवताना ही मर्यादा रॅमच्या दहा टक्क्यांवर ठेवली जाते, त्याआधीच्या बसवणीत ती निम्म्यापर्यंत जायची. जुन्या आवृत्तीवरून वर चढलेल्यांनी तो आकडा स्वतः तपासावा.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो माझ्यासारख्यांसाठी. हे सॉफ्टवेअर वाचणाऱ्याचं आहे. ज्याला पुस्तिका न वाचता पुढे-पुढे दाबत जायची सवय, त्याने कोणाला तरी पैसे देऊन बसवून घ्यावं. मोठ्या कंपनीने सबस्क्रिप्शन जरूर घ्यावं. आम्हीही जत्रांचा हंगाम झाला की घेणार आहोत, भाईंनी मान हलवली आहे, अजून चेक दिलेला नाही.

आता एक गोष्ट राहिली. त्या जुन्या फॉन्टांना एक लॉक लागतो. यूएसबीला लावायचा, अंगठ्याच्या पेराएवढा. तो नसला तर अक्षरं येत नाहीत. प्रॉक्समॉक्सला सांगितलं की सर्व्हरच्या मागच्या पोर्टातला हा लॉक या मशीनचा आहे, तो आत जातो आणि एक्सपी खूश. पण यामुळे ही एकच मशीन चालू असताना दुसऱ्या सर्व्हरवर सरकवता येत नाही. डिस्कची प्रत झाली, रॅम झाली, नेटवर्क कार्डही नसलेलं असल्यासारखं झालं. या लॉकची प्रत होत नाही. विकणाऱ्यांचं दुकान कधीच बंद झालं. मी तो टेपने सर्व्हरला चिकटवला, तर ताईंनी टेप काढून त्यावर कापड गुंडाळलं आणि आपल्या त्याच जुन्या फॉन्टात एक चिठ्ठी छापून खाली लावली: 'हात लावू नये'. ल मराठी आहे.